मागं वाकलेला दांडा

साळवे मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या सायकलच्या सीटकडे. उस्मानपुऱ्याच्या चौकात आम्ही रस्ता ओलांडायला उभ्या असलो आणि शेजारी एखादा सायकलवाला येऊन थांबला, की यांची नजर खाली गेलीच म्हणून समजा. "दादा, सीट लई पुढं आलीय तुमची. हाताला मुंग्या येत असतील." तो अनोळखी माणूस आधी दचकायचा, मग स्वतःच्या तळहाताकडे बघायचा. बहुतेक वेळा मुंग्या खरंच येत असायच्या.

आम्ही दोघी एकाच शाळेत होतो. मी भूगोल शिकवायचे, त्या खेळ. मला सगळे शेखबाई म्हणायचे, पण शकुंतला साळवेंना साळवेबाई म्हणायची कुणाची टाप नव्हती. एका नव्या शिक्षकानं तसं म्हटलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई वर्गात असते सर. मी मैदानावर असते." तेव्हापासून मॅडम. अंगानं उंच, काटक, केस कायम करकचून बांधलेले. जिना उतरताना उजवा पाय जरा आडवा टाकायच्या. का, ते मी बरीच वर्षं विचारलं नाही.

त्यांच्याबद्दल शाळेत सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत होती. मॅडम विसरत नाहीत. कुणी काही चांगलं केलं तर तेही विसरत नसत, पण त्याची चर्चा कमी व्हायची.

आमच्या संस्थेचे एक पदाधिकारी होते. मैदानावर मुलींचा सराव चालू असला तरी ते आपली गाडी थेट मैदानाच्या मधोमध आणून लावायचे, सावली तिथंच पडते म्हणून. मॅडमनी त्यांना एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा विनवलं. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. स्पर्धेसाठी मुलींना घेऊन जालन्याला जायचं होतं त्या दिवशी त्यांनी ज्या मुली सायकलनं शाळेत यायच्या त्या सगळ्यांना सायकली गाडीच्या चारी बाजूंनी लावायला सांगितल्या, कुलपं घालायला लावली आणि किल्ल्यांसकट मुली बसमध्ये बसवून जालन्याला नेल्या. साहेब संध्याकाळपर्यंत शाळेत अडकले. फोनवर फोन केले. मॅडम प्रत्येक फोनला नम्रपणे सांगत होत्या, "साहेब, पोरी खेळतायत. आता कशी किल्ली पाठवू?" त्यानंतर गाडी फाटकाबाहेर लागू लागली.

ही झाली हसण्यावारी न्यायची गोष्ट. दुसरी तशी नाही. गणिताच्या एका सरांनी कधीतरी स्टाफरूममध्ये त्यांना 'सायकलवाली' म्हटलं होतं, पाठीमागे. ते त्यांच्या कानावर गेलं. ते सर निवृत्त होईपर्यंत मॅडम त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. निरोप समारंभात प्रत्येकानं चार वाक्यं बोलायची होती. मॅडमचा नंबर आला तेव्हा त्या उभ्या राहिल्या, "माझं सोडा," म्हणाल्या आणि बसल्या. सरांची बायको समोर बसली होती. तिचा चेहरा मला अजून दिसतो. घरी जाताना मी म्हटलं, "मॅडम, आज तरी सोडायचं होतं." त्या म्हणाल्या, "का? आज काय वेगळं झालं? त्यांनी शब्द मागं घेतला का?" 

त्यांच्याशी माझी खरी मैत्री माझ्या मुलीमुळे झाली. सना दहावीत होती, क्लासला सायकलनं जायची. नवी सायकल घेतल्यापासून तिचा गुडघा पुढच्या बाजूनं दुखायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं. मॅडमना सहज सांगितलं, तर म्हणाल्या, "पोरीला आणि सायकलला घेऊन या. मलम ठेवा घरी."

त्यांनी सनाला भिंतीला टेकवून सायकलवर बसवलं. पॅडल पुढं आडवं धरायला लावलं. मग पिशवीतून ओळंबा काढला. गवंडी भिंत सरळ आहे की नाही बघायला दोरीला लोखंडी वजन लावतात, तोच. त्यांचे वडील गवंडी होते, त्यांचाच होता तो. दोरीचं टोक त्यांनी सनाच्या गुडघ्याच्या वाटीपाशी धरलं. वजन खाली लोंबलं ते पॅडलच्या पार पुढे.

"बघा," त्या मला म्हणाल्या. "हे वजन पॅडलच्या मधोमध यायला पायजे. आलं नाय. म्हणजे पोरगी पॅडलच्या पुढं बसलीय. सगळा भार वाटीवर."

"मग सीट मागे करा," मी म्हटलं.

"सीटखाली दोन सळया असतात, त्यांवर ती जरा पुढं-मागं सरकते. पण किती सरकणार? सळई संपली की संपलं. खरी जागा ठरवतो तो सीटखालचा दांडा. हा सरळ आहे. ह्याची सळया धरणारी पकड नेमकी दांड्याच्या डोक्यावर बसवलीय. दुसऱ्या तऱ्हेचा दांडा वर जाऊन मागं वाकतो, पकड मागच्या बाजूला. त्यानं सीट दोन बोटं तरी मागं जाते. तुमच्या पोरीची मांडी लांब आहे, तिला तो पायजे. आखूड मांडीच्या पोरीला हाच सरळ बरा."

"आणि सीट उंच केली तर?"

त्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. "उंच केली की थोडी मागंही जाते. दांडा ज्या नळीत बसतो ती नळीच तिरकी असते ना. पण मग पाय पुरत नाय. माणूस टाचा उचलतो, कंबर डुलायला लागते. पुढून दुखायचं ते मागून पण दुखायला लागतं." हे त्या जरा जास्तच सावकाश बोलल्या.

औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून मागं वाकलेला दांडा आणला. मॅडमनी तो स्वतः बसवला, पुन्हा ओळंबा धरला, सीटचं नाक अगदी जराही वर नको, खाली नको म्हणून कितीतरी वेळ पाना फिरवत राहिल्या. महिन्याभरात सनाचा गुडघा दुखायचा थांबला. मी शीरखुर्मा घेऊन त्यांच्या घरी गेले आणि त्या दिवशी त्यांनी मला आपल्या गुडघ्याची गोष्ट सांगितली.

कॉलेजात असताना त्या सायकलिंगच्या जिल्हा संघात होत्या. प्रशिक्षक होते देशमाने सर. त्या काळी शर्यतीच्या सायकली मोजक्याच, त्या सरांच्या ताब्यात. मॅडम महिनोन् महिने एकाच सायकलवर सराव करायच्या, तिला मागं वाकलेला दांडा होता. राज्य संघाची निवड चाचणी पैठण रोडवर होती, बिडकीनच्या पुढे जाऊन परत. दोन मुली निवडायच्या. सकाळी सरांच्या मुलीच्या, वैशालीच्या सायकलचा दांडा बिघडलेला निघाला. पकडीचे दाते झिजले होते, सीट सारखी मागे कलंडत होती. सरांनी मॅडमच्या सायकलचा दांडा काढून वैशालीला लावला आणि आपल्या पिशवीतला जादा पडलेला सरळ दांडा मॅडमना दिला.

"मी म्हटलं, सर, ह्यावर मला बसताच येणार नाय. सीट पार मागं ओढली तरी पुरेना. तर ते म्हणाले, 'दांडा दांडाच असतो. कारणं सांगू नको.' गंमत अशी, वैशाली होती बुटकी. तिला तो सरळच जास्त बरा होता. त्यांना ते कळत पण नव्हतं. जो चांगला दिसला तो उचलून पोरीला दिला, बास."

मॅडमनी निघण्याआधी सीट वर केली, तेवढीच मागं जाईल म्हणून. जाताना बिडकीन यायच्या आतच गुडघा पेटला. तरी त्या पुढे होत्या. परत येताना टाचा उचलून उचलून पोटऱ्या गेल्या, मग गुडघ्यामागची शीर. तिसऱ्या आल्या. सायकलवरून उतरल्या तेव्हा पाय सरळ होत नव्हता. आणि सर सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यांच्याकडून एवढंच होणार. दम नाही."

"ह्यांच्याकडून म्हणजे कुणाकडून, ते त्यांनी सांगितलं नाय," मॅडम म्हणाल्या. "पण माझा बाप तिथं उभा होता. कामावर खाडा करून आला होता. त्याला कळलं."

तो गुडघा पुन्हा शर्यतीचा राहिला नाही.

मी म्हटलं, "अल्ला बघून घेईल त्यांचं."

"त्याला कशाला त्रास," त्या म्हणाल्या. "मी आहे ना."

मला वाटलं, बोलायची पद्धत आहे. पण देशमाने सरांनी पुढे काढलेल्या सायकलिंग अकादमीतून गुडघा धरून बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी शेवटी साळवे मॅडमकडे पोचायची, हे मला हळूहळू दिसू लागलं. त्या तिला नीट बसवायच्या, आणि तुझं कुणी कसं बिघडवलं तेही नाव घेऊन सांगायच्या. मुली परत अकादमीत जात नसत. अकादमी ओस पडत गेली. मॅडमना त्यात आनंद होता आणि त्यांनी तो कधी लपवला नाही.

मग सरांचा सत्कार ठरला. वयाची पंचाहत्तरी, जिल्ह्यात सायकलिंग रुजवलं वगैरे. जुन्या खेळाडूंनी दोन शब्द बोलावेत अशी आयोजकांची इच्छा. मॅडमनी स्वतःहून नाव दिलं. म्हणाल्या, भाषणापेक्षा प्रात्यक्षिक करून दाखवते. आयोजक खूश झाले. मी सोबत गेले, खरं सांगायचं तर घाबरूनच गेले.

मंचावर त्यांनी एक सायकल स्टँडवर चढवली, मागचं चाक एका जड रुळाला घासत जागच्या जागी फिरेल अशी. देशमाने सर या वयातही ताठ होते, रोज सायकल चालवायचे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. उंच, लांब मांड्यांचा माणूस. मॅडम माईकवर म्हणाल्या, "सरांनी आम्हाला बसायला शिकवलं. आज सरांनाच बसवू या." टाळ्या पडल्या. सर हसत बसले. मी सायकलकडे बघितलं. दांडा सरळ होता, आणि सीट सळयांवर जितकी पुढं जाईल तितकी पुढं.

सर पॅडल मारत होते आणि मॅडम बोलत होत्या. आवाज एकदम गोड. सीट कुठं असावी, गुडघा कुठं यावा, मांडी लांब असली तर काय करावं. मधेच वाकून त्यांनी गिअर जड केला. सर हजार माणसांपुढे थांबणार कसे? पॅडल मारत राहिले. कपाळावर घाम आला. एकदा त्यांनी हात गुडघ्याकडे नेला. मॅडम बोलतच होत्या. शेवटी सर हळूच म्हणाले, पण माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, "बाई, ही सीट बरोबर नाही. गुडघा दुखतोय."

"दांडा दांडाच असतो, सर," मॅडम म्हणाल्या. "कारणं सांगू नका."

सभागृहात कुणीतरी हसलं, मग गप्प झालं. सर उतरले. नीट उभं राहता येईना, वैशालीनं पुढे येऊन धरलं. मॅडमनी त्या सकाळची सगळी गोष्ट तिथं सांगितली. पैठण रोड, दांडा, 'ह्यांच्याकडून एवढंच होणार', उभा राहिलेला बाप. सांगताना आवाज चढला नाही. संपवून त्या सरांकडे वळल्या आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

सरांनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "बाई, असं झालं असेल. मला खरंच काही आठवत नाही. तुमचं नावसुद्धा नाही."

साळवे मॅडमचा चेहरा उतरलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. सरांनी नाकारलं असतं तरी त्यांना चाललं असतं, भांडण झालं असतं तरी. त्यासाठी त्या तयार होऊन आल्या होत्या. पण ज्या सकाळसाठी त्या इतकी वर्षं जळत राहिल्या ती सकाळ त्या माणसाच्या लेखी घडलीच नव्हती. आम्ही रिक्षानं घरी आलो. उतरताना मी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, "शेखबाई, दुखवून झालं. पण ज्याला आठवतच नाय त्याला दुखवून काय मिळालं?"

मला वाटलं, संपलं. आता तरी सोडतील. आमच्या मुख्याध्यापिकांनी तर त्यांना समजावलंही, की माणूस म्हातारा आहे, झालं गेलं जाऊ द्या. मॅडम म्हणाल्या, "म्हातारा झाला म्हणून मी त्यांचं वय माफ करू शकते. बाकीचं नाय."

आणि मग एक दिवस वैशालीच दारात आली. मी तेव्हा मॅडमकडेच बसले होते. सोबत तिची मुलगी सई. आजोबांसारखी उंच, पायच पाय. आजोबांकडे शिकत होती. महागडी नवी सायकल, आणि गुडघा दुखतोय.

"तुझ्या बापाकडं जा की," मॅडम म्हणाल्या.

"बाबा म्हणतात, सवय होईल." वैशाली उभीच होती. "मॅडम, मला माहीत होतं तो दांडा तुमचा होता. त्या दिवशीसुद्धा माहीत होतं."

"मला ठाऊक होतं, तुला ठाऊक आहे ते."

"मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय. पायजे होतं."

 मग मॅडमनी सईला सायकल आत आणायला सांगितली. सरळ दांडा. हल्ली नव्या सायकलींना तोच येतो. मुलगी सीटवर बसली, मॅडम गुडघ्यापाशी वाकल्या, आणि मला खरंच भीती वाटली. या बाईच्या हातात आता देशमान्यांची नात होती. दोन बोटं इकडे की तिकडे, कुणाला कळणार होतं? मी उठून जवळ जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली. माझ्या मनातलं त्यांना कळलं.

"बसा शेखबाई," त्या म्हणाल्या. "पोरीच्या गुडघ्यावर सूड घेणारी मी नाय. हिचा गुडघा चांगला राहिला तरच माझं काम होणार आहे."

दुपार त्यातच गेली. दांडा बदलला. आजकाल दोन बोल्टच्या पकडीचा, मागं वाकलेला दांडा मिळतो, त्यात सीटचं नाक केसाएवढं वर-खाली करता येतं. तो त्यांनी आणवला. सईला बाहेर गल्लीत चक्कर मारून यायला सांगत, परत बसवत, सीट जरा मागं घेत, पुन्हा पाठवत. शेवटी मुलगी आली ती हसतच. म्हणाली, "दुखत नाही."

मग मॅडम वैशालीकडे वळल्या. "हिला मी शिकवणार. रोज सकाळी, पैठण रोडवर. तुझ्या बापाला यायचं तर येऊ दे, पण गाडीतून उतरायचं नाय. एक शब्द बोलायचा नाय. आणि पोरगी जिंकली की कोच म्हणून नाव माझं. आजोबाचं कुठंच येणार नाय. कबूल असंल तर उद्यापासून."

"त्यांना हे फार लागेल मॅडम," वैशाली म्हणाली. "सई म्हणजे त्यांचा जीव आहे."

"म्हणूनच."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती सायकलपटूही होती आणि आईही. मुलीकडे बघून तिनं मान हलवली.

सईला मॅडमनी जीव तोडून शिकवलं. रागावल्या, खाऊ घातलं, आजारी पडली तेव्हा दवाखान्यात बसल्या. त्या मुलीवर त्यांची माया बसली होती यात मला शंका नाही. त्यामुळे बाकीचं काही सौम्य झालं असं मात्र नाही. सई राज्य संघात निवडली गेली तेव्हा वर्तमानपत्रात फोटो आला, सई आणि शेजारी प्रशिक्षक शकुंतला साळवे. मॅडमनी तो अंक विकत घेतला, आणि आणखी एक घेऊन देशमान्यांच्या घरी पाठवला. मी म्हटलं, "त्यांच्याकडे येतच असेल की पेपर." त्या म्हणाल्या, "येत असंल. पण माझ्याकडून पण जाऊ दे."

त्यानंतर मी निवृत्त झाले आणि सनाकडे नाशिकला राहायला आले. निघायच्या आदल्या दिवशी पैठणला बहिणीकडे निरोप घ्यायला चालले होते, सकाळचीच. बिडकीनच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी दिसली. मागच्या सीटवर काच खाली करून देशमाने सर बसले होते. खूप थकलेले. दोन्ही हात काचेच्या कडेवर ठेवून रस्त्याकडे बघत होते.

मी रिक्षा थांबवायला सांगितली. समोरून सई आली, वाऱ्यासारखी, मान खाली, पाठ सपाट. तिच्यामागे स्कूटीवर साळवे मॅडम. सई गाडीच्या बाजूनं निघून गेली. सरांचा हात नकळत वर उठला आणि तोंड उघडलं, पण ते बोलले नाहीत. बोलायचं नाही, हे त्यांना आता आठवत होतं.

मॅडमनी स्कूटी हळू केली. अगदी गाडीच्या काचेपाशी हळू केली, म्हाताऱ्याला चेहरा नीट दिसेल इतकी. त्यांच्याकडे बघितलं मात्र नाही. मीही दिसले नाही त्यांना. मग त्यांनी शिट्टी तोंडात धरली, एकदा वाजवली, आणि पुढे जाणाऱ्या मुलीच्या मागे वेग घेतला.